धिरडं नको, पॅनकेकच हवा: ओट्सचे ग्लूटेनमुक्त पॅनकेक घरच्या घरी

मे महिन्याच्या सुट्टीत भाची आठवडाभर राहायला आली होती. तिला सीलिॲक नावाचा आजार आहे. गहू, जव किंवा राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिच्याच शरीराची प्रतिकारशक्ती तिच्या लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. मी आत्या, त्यामुळे फुशारकी मारून बसले होते, "रोज नवा नाश्ता!" चार दिवस घावन, आंबोळी, नाचणीचं धिरडं, साबुदाण्याची खिचडी असं निभावलं. थालीपीठ बाद, कारण आमच्या भाजणीत गहू असतात. पाचव्या दिवशी तिने पॅनकेक मागितला. मी ओट्स दुधात भिजवले, मिक्सरमधून फिरवले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तापल्या तव्यावर पळीने गोल पसरले. तिने एक घास खाल्ला आणि शांतपणे म्हणाली, "आत्या, हे धिरडं आहे."

खरंच होतं ते. आणि धिरडं म्हणूनही बरं नव्हतं. मधे चिकट, कडेला कडक. पुढचे दोन महिने मी दर रविवारी हाच उद्योग केला. त्यातून एवढं कळलं की घावन घालणाऱ्या हाताला ओट्सचं पीठ अनोळखी नाही, ग्लूटेन नसलेली पिठं आपण पिढ्यान्‌पिढ्या हाताळतोय. पण हाच सरावाचा हात तव्यापाशी घात करतो. कुठे सवयीवर विसंबायचं आणि कुठे ती बाजूला ठेवायची, ते सांगते.

आधी पुडा नीट वाचा

ओट्सना मराठीत नीट रुळलेला शब्द नाही आणि त्यातून एक धोकादायक घोटाळा होतो. पुष्कळ ठिकाणी ओट्स म्हणजे 'जव' किंवा 'सातू' असं ठोकून दिलेलं असतं. जव आणि सातू म्हणजे बार्ली, आणि बार्लीत ग्लूटेन असतं. ओट हे वेगळं धान्य आहे. हिंदीत त्याला जई म्हणतात, आपल्याकडे ते मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरतात. सातूच्या पिठाचे पॅनकेक करून सीलिॲक असलेल्या माणसाला वाढू नका. खपली गव्हाचंही तेच. तो पचायला हलका म्हणून कितीही नावाजला, तरी गहूच, आणि त्यात ग्लूटेन आहेच.

ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लूटेन नसतं. मग साधा पुडा का चालत नाही? कारण शेतात शेजारी गहू असतो, त्याच ट्रकमधून गहू गेलेला असतो, त्याच यंत्रावर जव कांडलेला असतो. एखादं खाद्य 'ग्लूटेन फ्री' म्हणून विकायचं तर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, अशी मर्यादा आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयचीही हीच, युरोप-अमेरिकेतलीही हीच. २० मिलिग्रॅम म्हणजे किती, ते डोळ्यांसमोर आणायला मी हिशेब केला. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यातलं ग्लूटेन दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे किलोभर ओट्समध्ये गव्हाचे पाच दाणे मिसळले की मर्यादा गाठली. हे कळल्यावर 'निवडून घेतले की झालं' हा माझा आत्मविश्वास गळून पडला.

तेव्हा घरात कुणाला सीलिॲक असेल तर पुड्यावर स्पष्ट 'ग्लूटेन फ्री' लिहिलेले ओट्सच घ्या. ते महाग पडतात, त्याला इलाज नाही. साध्या पुड्याच्या मागे बारीक अक्षरात गव्हाचा अंश असू शकतो असं छापलेलं सापडतं, ते नुसतं कायद्यापुरतं लिहिलंय असं समजू नका. मसाला ओट्स आणि चॉकलेटी ओट्सची पाकिटं तर या कामाला घेऊच नका. त्यांतल्या मसाल्यात गव्हाचं काहीतरी किंवा बार्लीचं माल्ट असण्याची शक्यता बरीच.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ओट्समध्ये अ‍ॅव्हेनिन नावाचं स्वतःचं प्रथिन असतं आणि सीलिॲक असलेल्यांपैकी थोड्या जणांना शुद्ध ओट्ससुद्धा सोसत नाहीत. म्हणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ओट्स असलेल्या पदार्थावर 'ग्लूटेन फ्री' लिहायला परवानगीच नाही. तिकडे राहणाऱ्यांना दुकानात ते लेबल शोधून सापडणार नाही. नुकतंच निदान झालं असेल तर आधी पोट शांत होऊ द्या, मग डॉक्टरांना विचारून थोड्या ओट्सनी सुरुवात करा. भाचीच्या डॉक्टरांनी होकार दिला होता, म्हणून हा सगळा खटाटोप. आणि कुणाला नुसती शंका असेल तर तपासणी व्हायच्या आधी गहू बंद करू नका. गहू बंद केल्यावर रक्ताची तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते.

ज्यांना असा काही आजार नाही, पोळीचा कंटाळा आलाय किंवा डब्यात बदल हवाय, त्यांनी साधे ओट्स खुशाल वापरावेत आणि पुढचा भाग वगळून सरळ पिठापाशी यावं.

चाळणी, तवा आणि हिंग

पहिल्यांदा कोरडं पीठ केलं तेव्हा माझी चूक ओट्समध्ये नव्हती, चाळणीत होती. ओट्सचं पीठ दळलं आणि रोजच्या कणकेच्या चाळणीने चाळलं. चाळणीच्या जाळीत कणीक किती अडकून बसते ते एकदा चाळणी काळ्या कागदावर आपटून बघा. भाचीने ते पाहिलं आणि मला थांबवलं, नाहीतर आमची रविवारची सकाळ दवाखान्यात गेली असती.

सीलिॲकसाठी करताना चाळणी वेगळी हवी. पोळपाट, लाटणं, लाकडी उलथणं यांच्या भेगांतून पीठ निघत नाही, तेव्हा ती लांब ठेवा. पोळ्यांचा बिडाचा तवा तेल पिऊन पिऊन मुरलेला असतो, त्यातही पिठाचे कण असतात. ओरखडे पडलेल्या नॉनस्टिकचीही तीच गत. मी एक लहान जाड बुडाचा नॉनस्टिक पॅन भाचीच्या नावाने घेतला आणि त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला. घरात पाहुणे जमले की प्रत्येकाला समजावत बसण्यापेक्षा दोरा सोपा. मिक्सरचं भांडं स्टीलचं असेल तर स्वच्छ धुऊन चालतं, पण पात्याच्या खालची रबरी चकती काढून धुवा, सगळा कचरा तिथे लपतो.

ओट्स गिरणीत देऊ नका. तांदळाचं पीठ दळून आणताना आपण 'तांदळावर तांदूळ दळा' म्हणून बजावतो, ते चवीपुरतं ठीक. गव्हाच्या दळणानंतर जात्यात राहिलेलं पीठ किलोला पाच दाण्यांच्या हिशेबात कुठच्या कुठे जातं.

आणि हिंग! हे मला आयुष्यात कधी सुचलं नसतं. आपण वापरतो तो बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. गोड पॅनकेकला हिंग लागत नाही, पण याच पिठाचे तिखट पॅनकेक करायला गेलात तर डबीवरचं वाचून घ्या. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. बेकिंग पावडरचंही असंच, तिच्यातला स्टार्च मक्याचा आहे की गव्हाचा ते बघा. आपल्याकडे सहसा मक्याचा असतो.

शेवटची एक सवय: पॅनकेक आधी, पोळ्या नंतर. कणीक मळताना उडालेलं पीठ हवेत तरंगत राहतं आणि ओट्यावर बसतं.

पीठ

पुड्यावर रोल्ड ओट्स लिहिलेले घ्या, मोठ्या चपट्या पोह्यांसारखे. क्विक ओट्सही चालतात, ते त्याच जातीचे, फक्त पातळ आणि तुकडे केलेले. स्टील कट ओट्स म्हणजे कापलेला दाणा, तो घरच्या मिक्सरमध्ये बारीक होत नाही आणि पॅनकेकमध्ये कचकच लागतो. तयार ओट्सचं पीठही मिळतं, पण ते किती दिवसांचं आहे कळत नाही. ओट्समध्ये इतर धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त असतो. दळलं की तो हवेला लागतो आणि पीठ लवकर खवट होतं. हवे तेवढेच ओट्स दळावेत.

दळण्याआधी कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून घ्या. रंग बदलायला नको, फक्त वास यायला हवा. पोहे चिवड्यासाठी भाजताना जसा कुरकुरीत आवाज येतो तितपत. पुड्यातले ओट्स कारखान्यात वाफवलेले असतात, त्यामुळे हे भाजणं कच्चेपणासाठी नाही, चवीसाठी आहे. घाई असेल तर सोडून द्या. भाजले तर मात्र पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर मिक्सरच्या भांड्यात वाफ धरते आणि पिठाच्या गोळ्या होतात.

कोरड्या भांड्यात थांबत थांबत फिरवा, मधून चमच्याने हलवा, मग चाळा. चाळणीवर राहिलेला जाड भाग परत फिरवा. हाताला तांदळाच्या पिठाइतकं बारीक लागलं पाहिजे, बारीक रव्यासारखं लागलं तर अजून एकदा फिरवा. धिरड्याला जाडंभरडं पीठ छान लागतं, इथे नाही. भरड कण पाणी सावकाश पितात, बाहेरून पॅनकेक झालेला दिसतो आणि आत ओलसर राहतो.

ओट्स दुधात टाकून सगळंच एकत्र मिक्सरमधून काढायची पद्धत फार लोकप्रिय आहे. माझं तेच पहिलं धिरडं. भांडी कमी पडतात हे मान्य. पण ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. ओट्सची लापशी बुळबुळीत होते ती त्याच्यामुळेच. ओले ओट्स पात्याखाली फिरत राहिले की तो सुटत जातो आणि पीठ शेंबडासारखं ओढलं जायला लागतं. शब्द घाण आहे, पण दुसरा नेमका नाही.

प्रमाण

वाटी प्रत्येक घरची वेगळी असते, म्हणून वजनाने देते. स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्याने या पिठाचं निम्मं काम होतं. यात तळहाताएवढे आठ पॅनकेक होतात, दोन मोठी माणसं आणि एक पोर खातं.

रोल्ड ओट्स १५० ग्रॅम (२४० मिलिच्या कपाने पावणेदोन कपाला जरासे कमी)
अंडी २
दूध १५० मिलि, आणि लागलं तर वर दोन-तीन चमचे
ताजं, फार आंबट नसलेलं दही ६० ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे
पातळ केलेलं तूप किंवा लोणी १ मोठा चमचा, तव्यासाठी वेगळं
साखर किंवा बारीक चिरलेला गूळ १ मोठा चमचा
बेकिंग पावडर दीड छोटा चमचा
खाण्याचा सोडा पाव छोट्या चमच्याचा निम्मा
मीठ पाव छोटा चमचा
वेलदोडा किंवा जायफळ आवडीप्रमाणे

छोटा चमचा म्हणजे ५ मिलि आणि मोठा १५ मिलि, आणि दोन्ही सपाट. शीग लावून सोडा घातलात तर पॅनकेक साबणासारखा लागेल. गूळ वापरायचा तर तो कोमट दुधात विरघळवून, गाळून, गार करून घ्या. गरम दुधात गूळ घातला तर दूध फाटण्याची भीती असते.

बेकिंग पावडरची डबी गणपतीत केकसाठी आणलेली असेल तर आधी तपासा. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका, फसफसून वर आली तर जिवंत आहे. नुसतीच तळाशी बसली तर डबी फेकून द्या.

भिजवणं

इथे ओट्सचं पीठ मैद्यापेक्षा खूपच समजूतदार आहे.

मैद्याच्या पॅनकेकच्या प्रत्येक पाककृतीत एक ताकीद असते: जास्त ढवळू नका, गुठळ्या राहू द्या. त्याचं कारण ग्लूटेन. पुरणपोळीची कणीक पाणी आणि तेल लावून तिंबली की तिला तार येते ना, ती तार म्हणजेच ग्लूटेनची जाळी. पुरणपोळीला ती हवीच. पॅनकेकला ती आली तर तो वातड होतो. ओट्सच्या पिठात ती जाळी होऊच शकत नाही, म्हणून हवं तेवढं फेटा, गुठळ्या मोडून काढा, काही बिघडत नाही. पण जाळी नाही म्हणजे पॅनकेकला धरून ठेवणारंही कुणी नाही. ते काम इथे दोघं करतात, अंडं आणि पाणी पिऊन फुगलेलं पीठ. अंडं लगेच कामाला लागतं, पीठाला वेळ द्यावा लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा. अंडी, दही, दूध, तूप, साखर आणि मीठ एकत्र फेटा. अंडी आणि दूध फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेलं असावं, नाहीतर तूप थिजून त्याचे कण तरंगतात. त्यात ओट्सचं पीठ घालून गुठळ्या मोडेपर्यंत फेटा. बेकिंग पावडर आणि सोडा आत्ता घालायचा नाही. झाकून दहा ते बारा मिनिटं ठेवा.

झाकण काढल्यावर दिसेल की मघाशी ताकासारखं पातळ असलेलं पीठ आता इडलीच्या पिठाइतकं दाट झालंय. दाटपणा ठरवायची वेळ ही, भिजवतानाची नव्हे. पहिल्यांदा करणारे पातळ दिसलं म्हणून आधीच आणखी पीठ घालतात आणि मग शेवटी चमचा उभा राहतो. पळीतून सोडल्यावर पट्टीसारखं सलग पडावं, वर क्षणभर खूण राहावी आणि मग ती बुजावी. खूण राहतच असेल तर चमचा-चमचा दूध घाला. घावनाचं पीठ पाण्यासारखं लागतं ते डोक्यातून काढून टाका.

आता तवा तापायला ठेवा आणि मगच बेकिंग पावडर नि सोडा लहान गाळणीतून भुरभुरवून पिठात घाला. दह्याला सोडा भेटला की फसफस लगेच सुरू होते आणि जाळी नसलेलं पीठ तो वायू फार वेळ अडवून धरू शकत नाही. सात-आठ वेळा हलक्या हाताने वळवून घ्या, बास. इथे मात्र जोरात फेटायचं नाही, बुडबुडे फुटतात.

तवा

घावनाला तवा सणसणीत तापलेला लागतो. पीठ पडताच चर्र आवाज आला नाही तर जाळी पडत नाही, हे आईने शिकवलेलं. पॅनकेकला नेमकं उलटं. बोटभर जाड पीठ आहे, ते आतपर्यंत शिजायला वेळ हवा. कडक तव्यावर दोन्ही बाजू बदामी होतात आणि मध्यभागी लापशी राहते. माझे पहिले तीन घाणे असेच गेले आणि दर वेळी मी दोष ओट्सना दिला.

जाड बुडाचा पॅन मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापवा, मग आच मंदवर आणा आणि आणखी एक मिनिट थांबा. पाण्याचा थेंब टाकला तर तो सावकाश नाचत आटावा. थेंब गोळी होऊन सैरावैरा पळाला तर पॅन फार तापलाय, थोडा वेळ बाजूला धरा. सुती फडक्याने किंवा कांद्याच्या अर्ध्या फोडीने तूप पुसून घ्या. तूप साचलं की पॅनकेकच्या कडा भज्यासारख्या तळल्या जातात. गोड पॅनकेकला कांदा वापरू नका, हे सांगायची गरज नसावी, पण माझ्या हातून एकदा सवयीने झालंय.

पाव कप मापाची पळी घ्या. पीठ एकाच जागी, मधोमध ओता आणि हात मागे घ्या. पळीच्या बुडाने गोल फिरवून पसरायचा मोह होतो, तोच टाळायचा आहे. पीठ आपलं आपण चार इंचांपर्यंत पसरतं. पहिलं मिनिटभर झाकण ठेवा, वरची बाजू वाफेने धरायला मदत होते. मग काढा, नाहीतर झाकणाचं पाणी ठिबकतं.

मैद्याच्या पॅनकेकवर भराभर बुडबुडे येतात आणि फुटतात, ती उलटायची खूण. ओट्सवर बुडबुडे कमी येतात, त्यांची वाट पाहिलीत तर खालची बाजू करपेल. कडेकडे बघा. कडेची ओली चमक जाऊन ती मंद पडली आणि दोन-चार छिद्रं उघडून तशीच राहिली की वेळ झाली. साधारण सव्वादोन-अडीच मिनिटं. पातळ उलथणं पूर्ण खाली सरकवा, उचला, आणि एका झटक्यात उलटा. पुढची बाजू दीड मिनिट. उलथण्याने दाबू नका. थालीपीठ दाबून भाजतात, पॅनकेक दाबला की आतली सगळी हवा बाहेर.

पहिला पॅनकेक बहुधा फसतो. तो करणाऱ्याने खावा आणि मीठ-गोड तिथेच चाखावं. चौथ्या-पाचव्यापर्यंत पीठ परत दाट होतं, कारण ते अजून पाणी पीतच असतं. एक चमचा दूध घालून हलक्या हाताने मिसळा.

झालेले पॅनकेक एकावर एक रचू नका. फोटोत ती चळत छान दिसते, पण खालचे दोन वाफेने लदलदीत होतात. जाळीवर किंवा बांबूच्या टोपलीत फडक्यावर सुटे ठेवा, वाढताना रचा.

अंडं न खाणाऱ्या घरात

अर्ध्या घरांत हाच प्रश्न येणार. केळं घाला असं सगळे सांगतात. पिकलेलं केळं पीठ धरतं खरं, पण त्याने पॅनकेक जड आणि मधे दमट होतो, शिवाय सगळ्याला केळ्याचाच वास. मला जवस जास्त पटतो, आणि जवस आपल्याकडे चटणीसाठी असतोच. एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येते. दही दुप्पट करा, १२० ग्रॅम. दूध १४० मिलि. सोडा पूर्ण पाव छोटा चमचा, कारण दही वाढलं. १५० ग्रॅम ओट्सपैकी २५ ग्रॅम कमी करून तेवढं तांदळाचं पीठ घाला, त्याने कडेला जरा कुरकुरीतपणा येतो. सीलिॲक असेल तर तेही घरी दळलेलं किंवा ग्लूटेन फ्री लिहिलेलं.

अंड्याशिवायचे पॅनकेक लहान घाला, तीन इंचांचे, आणि उलटायला अर्धं मिनिट जास्त थांबा. मोठे केले तर मधे मोडतात. खरं सांगायचं तर अंड्याच्या पॅनकेकचा हलकेपणा यांना येत नाही, पण डब्यात गार झाल्यावर हे मऊ जास्त राहतात. शाळेच्या डब्यासाठी मी हेच करते, अंडं चालत असलं तरी.

बिघडलं तर

मधे चिकट राहिला: आच जास्त होती, किंवा पीठ भरड होतं, किंवा भिजायला वेळ दिला नाही. आधी आच कमी करून बघा, दहातल्या आठ वेळा तेवढंच असतं. उलटताना तुटला: घाई केलीत. फुगला नाही: बेकिंग पावडर मेलेली, किंवा ती घातल्यावर फोन आला आणि पीठ वीस मिनिटं तसंच राहिलं. कडवट लागला: सोडा जास्त किंवा ओट्स जुने, ओट्सचा पुडा हुंगून बघा, जुन्या शेंगदाण्याच्या तेलासारखा वास आला तर पुडाच बाद. पिवळे डाग पडले: सोड्याची गुठळी राहिली, गाळणीचा आळस केलात.

आणि बिघडलेलं पीठ उरलंच असेल, तर त्यात कोथिंबीर, मिरची, किसलेला कांदा, हळद घाला, थोडं पाणी घालून पातळ करा, तवा सणसणीत तापवा आणि पळीने पसरा. आता ते खुशाल धिरडं होऊ द्या.

वर काय घालावं

मेपल सिरप मिळालं तर उत्तम, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. काकवी घ्या. कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर मिळणारी दाट काकवी आणि ओट्स यांचं असं जमतं की भाचीने नंतर मेपलची बाटली मागितलीच नाही. काकवीला किंचित कडसर, धुरकट अंग असतं, भाजलेल्या ओट्सलाही तसंच. वर घरचं पांढरं लोणी. थंडीत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या, उन्हाळ्यात हापूसच्या फोडी, सीताफळाच्या दिवसांत त्याचा गर दह्यात कालवून. चॉकलेट सॉस किंवा दुकानातलं आइस्क्रीम घालणार असाल तर परत तेच, लेबल वाचा. माल्ट आणि बिस्किटांचा चुरा अशा ठिकाणी लपून बसतात.

ठेवणं

भिजवलेलं पीठ ठेवू नका, सकाळी त्याचा गोळा झालेला असतो. त्यापेक्षा सगळे पॅनकेक करून ठेवा. पूर्ण गार झाल्यावर घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. फ्रीझरमध्ये मधे बटर पेपर घालून महिनाभर. गरम करायला मंद तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं, तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब शिंपडा. ब्रेडच्या टोस्टरमध्ये घालू नका, त्यात आठवड्याचा पावाचा चुरा असतो.

भाचीच्या घरी मी आता कोरडं मिश्रण पाठवते. १५० ग्रॅम ओट्सचं पीठ, साखर, मीठ, बेकिंग पावडर असं मापून एकेका पिशवीत भरायचं, सोडा वेगळ्या पुडीत. बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असल्यामुळे हे पीठ थोडं कमी फुगतं, पण चालतं. पिशवीवर दळल्याची तारीख आणि 'दूध १५०, दही ४ चमचे, अंडी २, तूप १ चमचा, १० मिनिटं थांब, मग सोडा' एवढं लिहिते. तीन आठवड्यांत संपवायला सांगते, पुणेरी उन्हाळ्यात तर फ्रिजमध्येच ठेवायला. मागच्या महिन्यात तिने पिशवी उघडून पहिल्यांदा एकटीने पॅनकेक केले आणि फोटो पाठवला. कडा थोड्या काळ्या होत्या. मी लिहिलं, आच कमी कर. तिचं उत्तर आलं, "दहा मिनिटं थांबायला कुणाला वेळ आहे, आत्या?"